पावसात ब्रेकचा लाल दिवा लागला तर

ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या माझ्या गॅरेजमध्ये जून उजाडला की ही तक्रार सुरू होते. वंदना टॉकीजजवळ साचलेल्या पाण्यातून गाडी निघाली आणि मीटरवर गोलातलं लाल उद्गारचिन्ह पेटलं.

आधी गाडी कडेला घ्या. हँडब्रेक पूर्ण खाली आहे ना, बघा. मग पेडल दाबा. ते मऊ लागलं किंवा खाली जात राहिलं, तर गाडी टो करूनच न्या, घर पुढच्या सिग्नलला असलं तरी. पेडल कडक असेल तर बॉनेट उघडा आणि ब्रेक ऑइलची पांढरट डबी शोधा.

डबीत एक फ्लोट असतो. ऑइल कमी झालं की तो खाली बसतो, स्विच वायरला अर्थ देतो, म्हणजे ती गाडीच्या बॉडीला जोडून सर्किट पूर्ण करतो, आणि दिवा लागतो. बऱ्याच गाड्यांत हँडब्रेकचा स्विचही त्याच दिव्याला अर्थ देतो. आता कपलरमध्ये, म्हणजे डबीला वायर जोडणाऱ्या प्लगमध्ये, पाणी शिरलं की तेही अर्थच देतं. म्हणून पावसात लागलेला दिवा ऊन पडलं की आपोआप विझतो, आणि लोक विषय सोडून देतात. तो सोडू नका.

लेव्हल खालच्या रेघेजवळ असेल तर नुसतं ऑइल ओतून मोकळे होऊ नका. ब्रेकचे पॅड झिजले की त्यांना दाबणारे पिस्टन बाहेर सरकतात आणि डबीतलं ऑइल तिकडे जातं. म्हणजे आधी पॅड बघायचे, मग चाकांच्या आतून गळती. गायमुखच्या घाटात चढावर दिवा लागून सपाटीवर विझत असेल, तर लेव्हल अगदी काठावर आहे असं समजा.

लेव्हल ठीक असेल तर गाडी उभी ठेवून डबीचा कपलर काढा. दिवा विझला, तर दोष तिथेच. पिना हिरव्या पडल्या असतील, तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि सुकवून बसवा. नाही विझला, तर हँडब्रेकखालचा स्विच तपासा. कार्पेट भिजलं की ओल तिथवर जाते. नव्या गाड्यांत मध्ये कम्प्युटर असतो, तिथे स्कॅनरच लावावा लागतो.

पिवळा एबीएस दिवा वेगळा. एबीएस म्हणजे ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊन घसरू न देणारी यंत्रणा. तो बहुधा चाकाजवळच्या सेन्सरचा किंवा त्याच्या वायरचा. साधे ब्रेक लागतात, पण ओल्या रस्त्यावर चाकं लॉक होऊ शकतात. लाल आणि पिवळा एकत्र लागले तर मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी फिरण्याचा धोका असतो. अशी गाडी मी गिऱ्हाइकाला चालवत नेऊ देत नाही.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ या प्रकारचं ऑइल कोरं असताना निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओल धरल्यावर हीच हमी १५५ वर येते. म्हणून दर 2 वर्षांनी, शक्यतो मे महिन्यात, ते बदला. डबीचं झाकण पावसात उघडू नका आणि गेल्या वर्षीचा उघडा डबा वापरू नका.