बॅरिएट्रिक ऑपरेशननंतर घट्ट जेवण सुरू करताना या चुका टाळा

बॅरिएट्रिक, म्हणजे वजन कमी करण्याच्या ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्यात बहुतेकांच्या बाबतीत दोन गोष्टी एकदमच घडतात. पोटाचे टाके दुखायचे थांबतात आणि मुगाच्या पाण्याचा वीट येतो. मग फोन येतो, "मॅडम, आता काही त्रास नाही, अर्धी पोळी खाऊ का?" आहारतज्ज्ञ म्हणून इतकी वर्षं मी त्याला एकच उत्तर देते : नाही.

दुखायचं थांबतं ते कातडीचं. या ऑपरेशनच्या स्लीव्ह प्रकारात जठराचा 75 ते 80 टक्के भाग काढलेला असतो. उरलेल्या अरुंद नळीला आतून सूज असते आणि कापलेली कड जोडणाऱ्या स्टेपलची लांब ओळ अजून भरून यायची असते. बायपास प्रकारात जठराची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडतात, आणि ही पिशवी तर सुरुवातीला जेमतेम 30 मिलीची. म्हणून साधारण दोन आठवडे पातळ, पुढचे दोन घोटलेलं, मग मऊ, आणि दीड-दोन महिन्यांनी नेहमीचं जेवण. तुमच्या सर्जनचं वेळापत्रक थोडं वेगळं असेल, तर तेच पाळा. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचं नको.

घाईने पोळी, पुरी, भात

माझी एक पेशंट स्लीव्हनंतर तिसऱ्याच आठवड्यात घरच्या साखरपुड्याला गेली. "अगं, एका पुरीनं काय होतंय?" असा जावांचा आग्रह. बोलता बोलता तिने दोन-तीन घास न चावता गिळले आणि ते छातीच्या हाडामागे अडकले. तोंडाला फेस, लाळ गिळता येईना. कुणी म्हणालं पाणी पी, कुणी केळ्याचा घास दिला. घशात काटा अडकला की आपल्याकडे हेच करतात, पण इथे खालची वाटच बंद होती. सगळं उलटून आलं, घास मात्र हलला नाही. शेवटी रात्री दवाखान्यात दुर्बीण घालून तो काढावा लागला.

अडकलं की खाणं-पिणं दोन्ही थांबवा. उभे राहा, हळूहळू चाला. बहुतेकदा घास उतरतो किंवा बाहेर येतो. त्यानंतर दिवसभर फक्त पातळ. लाळसुद्धा उतरत नसेल, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.

पोळी, चिकट भात, साबुदाण्याची खिचडी, कोरडं चिकन, गवारीसारखी धाग्याची भाजी या गोष्टी सगळ्यात शेवटी. मी मऊ आहाराची सुरुवात मऊ अंडं, कुस्करलेलं पनीर, घट्ट वरण आणि काटे काढलेलं पापलेट यांनी करते. नवा पदार्थ एका वेळी एकच, तोही दुपारी आणि घरी. रात्री कधीच नाही, कारण त्रास झाला तर विचारायला कुणी जागं हवं. चहाचा चमचा वापरा, घास तोंडात असताना चमचा खाली ठेवा, वीस-पंचवीस वेळा चावा.

चहा-बिस्किटाचा आसरा

त्या पेशंटने भीतीपोटी पुढे घट्ट खाणंच सोडलं आणि चहात बुडवलेल्या मारी, खारी, टोस्टवर राहू लागली. ही चूक मला पहिलीपेक्षा जास्त छळते, कारण ती दुखत नाही. भिजलेलं बिस्किट सर्रकन उतरतं, पोट भरल्याचं कळत नाही, दिवसभर थोडं थोडं चालूच राहतं. प्रथिनं मात्र नावाला. दिवसाला 60 ते 80 ग्रॅम प्रथिनं लागतात. ती नसली की स्नायू झिजतात, केस आणखी गळतात, आणि कालांतराने वजन परत चढतं. म्हणून ताटात आधी प्रथिनं, मग भाजी, जागा उरली तर धान्य. "एवढंसं खाऊन कसं व्हायचं" म्हणणाऱ्या सासूबाईंना एकदा माझ्यासमोर घेऊन या. पेशंटपेक्षा त्यांना समजावलेलं जास्त उपयोगी पडतं.

जेवताना पाणी

जेवणाच्या अर्धा तास आधी बंद, नंतर अर्धा तास बंद. मधल्या वेळात घोट घोट करून दिवसाला दीड लिटर.

गोड

बायपासवाल्यांनी उसाचा रस, श्रीखंड, जिलबीच्या वाटेला जाऊ नये. अर्ध्या तासाच्या आत घाम, धडधड, जुलाब होऊ शकतात. काही तासांनी साखर उतरून चक्करही येऊ शकते.

गोळ्या बंद करणं

जेवायला लागलो म्हणून बी12, लोह, कॅल्शियम सुटत नाही. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर ठेवा. अंगदुखीची गोळी मनाने घेऊ नका, बायपासनंतर तिने अल्सर होऊ शकतो.

उलट्या अंगावर काढणं

"सवय होईल" म्हणत उलट्या सोसू नका. त्या थांबत नसतील तर बी1 जीवनसत्त्व कमी पडतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. गावातल्या डॉक्टरांकडे गेलात, तर ग्लुकोजची बाटली लावण्याआधीच वजनाचं ऑपरेशन झाल्याचं सांगा. आधी बी1चं इंजेक्शन, मग ग्लुकोज, हा क्रम चुकता कामा नये. ताप, पोटात किंवा डाव्या खांद्यात दुखणं, किंवा बसल्या जागी 120च्या वर नाडी, यांपैकी काहीही असेल, तर थेट ऑपरेशन झालेल्या दवाखान्यात जा. डिस्चार्ज कार्ड सोबत घ्या.