लायब्ररीची कॉन्फिग स्क्रिप्ट वापरताय? या चुका टाळा

एक्सएमएल२-कॉन्फिग, एसडीएल२-कॉन्फिग, कर्ल-कॉन्फिग, लायब्ररीसोबत येणाऱ्या या सगळ्या छोट्या स्क्रिप्टांचं काम एकच, ती लायब्ररी वापरून बिल्ड करायला लागणारे फ्लॅग सांगणं. --सीफ्लॅग्स दिलं की कंपायलरसाठी हेडरचा पाथ मिळतो, --लिब्स दिलं की लिंकरला (कंपाइल झालेले तुकडे आणि लायब्ररी जोडणाऱ्या प्रोग्रामला) काय द्यायचं ते मिळतं. पण बहुतेक स्क्रिप्टा तुमच्या मशीनवर काहीच शोधत नाहीत, लायब्ररी बिल्ड करताना आत जे लिहून ठेवलं तेवढंच वाचून दाखवतात. हे लक्षात न घेतल्यामुळेच निम्मा गोंधळ होतो.

सगळ्यात जास्त डोकं खाते ती क्रमाची चूक. लायब्ररी आहे, पाथ बरोबर आहे आणि तरी 'अनडिफाइन्ड रेफरन्स'चा (म्हणजे लिंकरला फंक्शन सापडलं नाही) पाऊस पडतोय, तर आधी बघा की --लिब्सचं आउटपुट सोर्स फाइलच्या आधी तर नाही ना दिलंय. लिंकर डावीकडून उजवीकडे वाचत जातो, स्टॅटिक लायब्ररी (जिचा कोड प्रोग्राममध्येच भरला जातो) समोर आली तेव्हा तिच्यातलं काही कोणी मागितलेलंच नसेल तर तो ती तशीच सोडून पुढे जातो आणि परत मागे वळून बघत नाही. उबुंटूवर तर 'अ‍ॅज-नीडेड' (न लागणारी लायब्ररी वगळायचा लिंकरचा पर्याय) डीफॉल्टने चालू असतं म्हणून शेअर्ड लायब्ररीचंही (जी प्रोग्राम चालवताना लोड होते) तेच होतं, आणि म्हणूनच एकाच्या मशीनवर चालणारी मेकफाइल (मेक या बिल्ड टूलच्या सूचनांची फाइल) दुसऱ्याकडे फुटते. मेकफाइलमध्ये --लिब्सचं आउटपुट एलडीफ्लॅग्स या व्हेरिएबलमध्ये टाकू नका, एलडीलिब्समध्ये टाका, कारण मेकच्या तयार रूलमध्ये एलडीफ्लॅग्स ऑब्जेक्ट फाइलच्या आधी येतं आणि एलडीलिब्स शेवटी.

मेकफाइलचाच विषय निघालाय तर अजून एक. शेलमध्ये डॉलर आणि कंसात कमांड लिहिली की ती चालते, पण मेकला तेच व्हेरिएबलचं नाव वाटतं, ते सापडत नाही आणि एररही न देता तिथे रिकामी जागा येते!! कंसात आधी 'शेल' शब्द लिहा, किंवा रेसिपीच्या (रूलखालच्या कमांडच्या ओळींच्या) आत असाल तर डॉलर दोनदा द्या. आणि शेल स्क्रिप्टमध्ये या आउटपुटला डबल कोट लावू नका, सगळे फ्लॅग चिकटून एकच आर्ग्युमेंट होतं.

'हेडर सापडत नाही' असा एरर आला तर कॉन्फिग स्क्रिप्ट नुसती एकटी चालवून बघा. 'कमांड नॉट फाउंड' आलं तर डेव्हलपमेंट पॅकेज राहिलंय, डेबियनवर नावाच्या शेवटी '-डेव्ह' असतं, फेडोरावर '-डेव्हल'. फ्रीटाइप-कॉन्फिग मात्र आता डीफॉल्टने इन्स्टॉलच होत नाही, तिथे सरळ पीकेजी-कॉन्फिग (सगळ्या लायब्रऱ्यांसाठी हेच काम करणारं एक टूल) वापरा.

एकाच लायब्ररीच्या दोन व्हर्जन असतील, एक डिस्ट्रोची आणि एक तुम्ही बिल्ड करून /यूएसआर/लोकलमध्ये टाकलेली, तर शेलच्या पाथ व्हेरिएबलमध्ये जिचा फोल्डर आधी तीच स्क्रिप्ट चालणार. शेलमध्ये 'टाइप -ए' आणि स्क्रिप्टचं नाव देऊन सगळ्या जागा बघून घ्या. हेडर एका व्हर्जनचं आणि लायब्ररी दुसरीची असं झालं तर बिल्ड कदाचित गुपचूप होईल आणि प्रोग्राम चालवताना क्रॅश होईल, हे शोधणं खरंच जीवघेणं असतं.

क्रॉस कंपाइल करताना (एका मशीनवर दुसऱ्या प्रकारच्या मशीनसाठी बिल्ड करताना) होस्टची, म्हणजे बिल्ड करणाऱ्या मशीनची, कॉन्फिग स्क्रिप्ट अजिबात वापरू नका, ती होस्टचेच पाथ देणार. पीकेजी-कॉन्फिगला लिबडिर (माहिती कुठल्या फोल्डरमध्ये शोधायची) आणि सिसरूटचे (दुसऱ्या मशीनच्या फाइल ठेवलेला फोल्डर) एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल देता येतात, तो रस्ता बरा.

पोस्टग्रेस डेटाबेसच्या पीजी_कॉन्फिगचं तर वेगळंच आहे. त्याचं --लिब्स म्हणजे पोस्टग्रेस स्वतः बिल्ड होताना वापरलेल्या लायब्रऱ्या, तुमच्या प्रोग्रामला लागणारी लिबपीक्यू (पोस्टग्रेसशी बोलायची लायब्ररी) त्यात नसते. --इन्क्लुडडिर आणि --लिबडिर घ्या आणि '-एलपीक्यू' हाताने लिहा.

आणि बिल्ड झालं पण चालवताना शेअर्ड लायब्ररी सापडत नाही म्हणत असेल तर --लिब्समध्ये चूक शोधत बसू नका. त्यातला मोठ्या एलवाला (-एल, कॅपिटल) पाथ फक्त लिंक करण्यापुरता असतो, रनटाइमला तो कोणी बघत नाही. आरपाथ (लायब्ररीचा फोल्डर प्रोग्राममध्येच लिहून ठेवणारा लिंकरचा पर्याय) द्या, किंवा तो फोल्डर लोडरच्या यादीत टाकून एलडीकॉन्फिग चालवा, मग एलडीडीने (प्रोग्रामला लागणाऱ्या शेअर्ड लायब्रऱ्या दाखवणारी कमांड) बघा 'नॉट फाउंड' गेलं का.