निवाऱ्याची जागा ठरवताना: आधी निकष, मग नकाशा

बेघरांच्या निवाऱ्यासाठी जागा शोधणाऱ्या समितीवर मी नऊ वर्षं होते. जागेच्या आधी निकष जाहीर करायचे, हे पहिल्याच वर्षी ठेच लागून शिकले. आम्ही मोकळा भूखंड पाहिला, आपसात ठरवलं आणि सह्या होईपर्यंत गप्प बसलो. बातमी फुटायची ती फुटलीच. बैठकीत दोन तास एकच प्रश्न: "आम्हाला का विचारलं नाही?" बेघरांचा विषय निघालाच नाही.

२०१८ साली लॉस एंजेलिसच्या कोरियाटाउनमध्ये हेच घडलं. जागा थेट जाहीर झाली, रहिवासी रस्त्यावर उतरले, आणि शेवटी जवळच्या लाफायेट पार्कपाशी दुसरी जागा पाहावी लागली.

निकष मोजके ठेवा: दवाखाना, कामाचं ठिकाण, शेवटची बस, पाणी, जमिनीची स्वच्छ मालकी. आणि त्या वॉर्डात अशा सोयी आधीच किती आहेत, हेही. "पुन्हा आमच्याकडेच का?" असं गरीब वस्तीचा नगरसेवक विचारतो, तेव्हा बहुतेक वेळा त्याचं बरोबर असतं. न्यूयॉर्कने १९८९मध्ये शहराची सनद, म्हणजे कारभाराचा मूळ कायदा, सुधारली, तेव्हा अशा सोयींचं वाटप न्याय्य असावं ही अट तिच्यातच घातली.

मग तिथे राहणार असलेल्यांना विचारा. गावाबाहेरची एक स्वस्त जागा आम्हाला फार आवडली होती. बाजारात हमाली करणारी एक बाई म्हणाली, "पहाटे चारला माल उतरवायला तिथून येऊ कशी?" जागा त्याच दिवशी यादीतून गेली. बसथांब्यापासून दारापर्यंत रात्री दहानंतर स्वतः चालून पाहा. अंधार कुठे आहे ते नकाशावर दिसत नाही.

शेजाऱ्यांना दहा-बारा जणांच्या गटात भेटा. मोठ्या सभेत ज्याचा आवाज मोठा, त्याचंच ऐकू येतं. मॅसॅच्युसेट्समधल्या घरबांधणीच्या बैठकांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या, तर बोलणाऱ्यांत घरमालक, वयस्कर आणि पुरुष यांचं प्रमाण लोकसंख्येतल्या वाट्याहून जास्त निघालं. परवडणाऱ्या घरांच्या सुनावणीत तर ज्यांना ती घरं मिळायची, ते कामावर असतात. त्यांना वेळ सोयीची पडेल असं पाहा, मुलं सांभाळायला कोणी ठेवा.

भीती फळ्यावर लिहून घ्या. दिवे, कचरा, फाटकाची वेळ, रात्री फोन कोण उचलणार, यावर लेखी शब्द द्या आणि पहिले सहा महिने दरमहा एकत्र बसा. "असली माणसं इथे नकोत" यावर मात्र तडजोड करू नका. मी एकदा केली, खाटा निम्म्या झाल्या, आणि विरोध तेवढाच राहिला.

निवारा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी शेजाऱ्यांना आत बोलवा. गाद्या, कपाटांची कुलपं, नोंदवही, सगळं दाखवा. फोन नंबर दारावर मोठ्या अक्षरांत लावा, आणि रात्री अडीच वाजता तो स्वतः फिरवून पाहा.