कमी पाण्यावरची देशी फुलझाडे आणि मधमाश्या

कोल्हापुरात पावसाळ्यात पाणी उदंड असले, तरी फेब्रुवारीनंतर परसबागेला ते पुरवावे लागते. म्हणून तरवड, धायटी, निर्गुडी, कोरांटी आणि रुई ही काटक देशी झाडे निवडावीत. तरवडाचे बी टणक असल्याने ते गरम पाण्यात रात्रभर भिजवून पेरावे. लागवड जूनमध्ये, पहिला चांगला पाऊस झाल्यावर करावी. नदीकाठच्या काळ्या जमिनीत पाणी साचून मुळे कुजतात, त्यामुळे तेथे मुरूम मिसळून उंच वाफे करणे आवश्यक आहे; पन्हाळ्याकडच्या तांबड्या जमिनीत ही अडचण सहसा येत नाही.

पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा मुळाशी सावकाश पाणी द्यावे. आच्छादनाला उसाचे पाचट उत्तम (आपल्याकडे त्याला काय तोटा!), मात्र थोडी जमीन उघडी ठेवावी, कारण अनेक एकांड्या मधमाश्या (पोळ्यात न राहता एकट्याने घर करणाऱ्या) मातीतच बिळे करतात.

तरवडाच्या पिवळ्या फुलावर काळा भुंगा बसला की गुणगुण एकदम चढते. त्या कंपनानेच परागकोशांतून पराग बाहेर पडतात. धायटीची लाल फुले हिवाळ्याअखेरीपासून मध पुरवतात. रुईची पाने सुरवंटांनी कुरतडलेली दिसल्यास औषध फवारू नये. ती बहुधा बिबळ्या कडवा फुलपाखराची पिले असतात.