‘ब्लेड रनर २०४९’ नीट पाहायचा तर

सिक्वेल पारखताना आधी एक गोष्ट तपासावी: पहिल्या चित्रपटाने विचारलेल्या प्रश्नाचं हा काय करतो? काही सिक्वेल त्याचं उत्तर देऊन मोकळे होतात, बरेचसे तोच प्रश्न जास्त पैसे खर्चून पुन्हा विचारतात, आणि अगदी थोडे तो प्रश्न पुढे सरकवतात. डेनी व्हिलनव्हचा ‘ब्लेड रनर २०४९’ (२०१७) त्या थोड्यांपैकी आहे. विशेष म्हणजे प्रश्न सरकवण्याचं बरंचसं काम तो प्रकाश, रंग आणि शॉटची लांबी यांच्याकडून करून घेतो. ते कुठे आणि कसं होतं हे स्वतः तपासण्याची ही पद्धत. पुढे कथानक उघड केलेलं आहे, त्यामुळे चित्रपट पाहिला नसेल तर तयारीचा भाग वाचून थांबा आणि उरलेलं नंतर वाचा.

तयारी

रिडली स्कॉटचा मूळ ‘ब्लेड रनर’ (१९८२) आधी पाहायलाच हवा, पण कोणती आवृत्ती हे महत्त्वाचं. १९८२मध्ये प्रदर्शित झालेल्या आवृत्तीत नायकाचं निवेदन आहे आणि शेवट गोड केलेला आहे. १९९२च्या ‘डायरेक्टर्स कट’मध्ये हे दोन्ही काढलं आणि नायकाला पडणारं युनिकॉर्नचं (एकशिंगी घोड्याचं) स्वप्न आलं. २००७चा ‘फायनल कट’ हा स्कॉटने संपूर्ण आपल्या हातात ठेवून केलेला. तोच घ्या. निवेदन असलेली आवृत्ती प्रत्येक गोष्ट समजावून सांगते, आणि सिक्वेल मात्र न सांगता दाखवण्याच्या सवयीवर उभा आहे. शिवाय त्यातला नायक डेकार्ड स्वतः रेप्लिकंट, म्हणजे माणसासारखा बनवलेला कृत्रिम जीव, आहे का, ही शंका युनिकॉर्नशिवाय धड उभीच राहत नाही.

पाहताना तीन गोष्टी लक्षात ठेवा: सुरुवातीचा डोळ्याचा क्लोजअप, माणूस की रेप्लिकंट हे ठरवणारी प्रश्नोत्तरांची चाचणी, आणि पावसातल्या मृत्यूच्या दृश्यामागचं व्हँजेलिसचं संगीत. तिन्ही पुढे लागतील. दोन चित्रपटांमधल्या काळावर तीन लघुपटही आहेत (२०२२, २०३६ आणि २०४८ या वर्षांत घडणारे), पण ते मागाहून पाहा. सिक्वेलच्या सुरुवातीला पडद्यावर येणाऱ्या मजकुरात लागेल तेवढी पार्श्वभूमी दिलेली आहे.

आता टीव्ही. मोशन स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत करणारी सोय) बंद करा. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा आहे. टीव्ही मधल्या खोट्या फ्रेम भरतो तेव्हा संथ कॅमेऱ्याचं वजन नाहीसं होतं आणि चित्र मालिकेसारखं गुळगुळीत दिसतं. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट आणि खोलीच्या उजेडानुसार आपोआप बदलणारा ब्राइटनेसही बंद करा, कारण धुक्याच्या शॉटमधले जवळजवळचे करडे रंग या दोन सोयी हमखास बिघडवतात. चित्र ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोडवर ठेवा. पडद्यावर दिव्याचं प्रतिबिंब पडत असेल तर तो दिवा विझवा.

स्ट्रीमिंगचा वेग कमी पडला की लास व्हेगसच्या नारिंगी धुळीत रंगाचे पट्टे दिसू लागतात. हा दोष कॉम्प्रेशनचा आहे, छायाचित्रणाचा नाही. शक्य असेल तर ब्लू-रे वापरा. टीव्हीच्या स्पीकरवर हॅन्स झिमर आणि बेंजामिन वॉलफिश यांच्या संगीतातला खर्ज ऐकूच येत नाही, त्यापेक्षा साधे हेडफोन बरे. आवाज सपाट करणारा ‘नाइट मोड’ लावू नका. इथे शांतता आणि गडगडाट यांच्यातलं अंतर हेच संगीताचं निम्मं काम आहे.

लांबी १६३ मिनिटं. मध्ये थांबायचंच असेल तर सिक्वेलचा नायक ‘के’ लास व्हेगसला निघण्याच्या जरा आधी थांबा. दृश्य अर्धवट तोडलं तर पुन्हा लय धरायला वेळ लागतो.

पहिल्या वेळी वही नको

पहिल्यांदा नुसतं पाहा. दुसऱ्या वेळी वही घ्या आणि तीन रकाने आखा: उजेड कुठून येतोय, या क्षणी कोणाला काय माहीत आहे, आणि कट किती वेळाने येतो. तिसऱ्या रकान्यासाठी स्टॉपवॉच नको, मनात आकडे मोजले तरी पुरतं. बहुतेक लोक फक्त पहिला रकाना भरतात आणि मग ‘प्रत्येक फ्रेम वॉलपेपरसारखी’ असं लिहून थांबतात. रॉजर डीकिन्स यांना या छायाचित्रणासाठी ऑस्कर मिळालं, त्यांच्या चौदाव्या नामांकनावर पहिलंच. तरीही सुटी स्थिरचित्रं पाहून हा चित्रपट कळत नाही, कारण त्यांत वेळ नसतो.

प्रश्न कुठे सरकतो

सुरुवातीचं दृश्य बारकाईने घ्या. शेतावरचं घर, चुलीवर उकळणारं भांडं, अंधारात वाट पाहत बसलेला ‘के’. ही कल्पना पटकथाकार हॅम्प्टन फॅन्चर यांनी पहिल्या चित्रपटासाठी योजली होती, तेव्हा ती वापरली गेली नाही. इथे तिचा उपयोग वेगळाच झाला आहे. पहिल्या चित्रपटाच्या ‘फायनल कट’मध्ये प्रेक्षक शेवटपर्यंत विचारत राहतो की नायक माणूस आहे का. इथे ‘के’ रेप्लिकंट आहे हे सुरुवातीलाच उघड होतं. जुनं रहस्य इतक्या लवकर टाकून दिल्यामुळे पुढचा प्रश्न मोकळा होतो: आपण बनवलेले आहोत हे माहीत असलेल्याने कशाच्या आधारावर स्वतःला कोणीतरी मानायचं? त्या शेतावर लपलेला रेप्लिकंट सॅपर मरण्यापूर्वी त्याला सुनावतो की तू चमत्कार पाहिलेला नाहीस (रेप्लिकंटच्या पोटी मूल जन्मलं, हा तो चमत्कार). उरलेला चित्रपट त्या वाक्यातून निघतो.

मग चाचणी. पहिल्या चित्रपटातली चाचणी समोरचा माणूस नाही हे शोधायची. इथली ‘बेसलाइन’ चाचणी ‘के’ माणसासारखा होऊ लागलेला नाही ना, हे तपासते. पांढरी कोंदट खोली, पडद्याआडून फेकले जाणारे शब्द, ठरलेली उत्तरं. ही चाचणी दोनदा येते. दोन्ही वेळा ‘के’ साकारणाऱ्या रायन गॉसलिंगच्या चेहऱ्याऐवजी उत्तरापूर्वीच्या क्षणभराच्या थांब्याकडे लक्ष द्या. दुसऱ्या वेळी तो नापास होतो, आणि ते त्या थांब्यातच कळतं.

तिसरी जागा रेप्लिकंटांसाठी आठवणी बनवणाऱ्या आना स्टेलीनची. ‘के’ची आठवण तपासताना ती रडते आणि सांगते की हे कोणीतरी खरंच जगलं आहे. पहिल्यांदा पाहताना आपण ‘के’सोबत असतो आणि त्याच्यासारखंच चुकतो. दुसऱ्यांदा पाहताना ‘कोणाला काय माहीत’ या रकान्यात तिचं नाव लिहा: ती स्वतःचीच आठवण पाहते आहे. दृश्यात एकही गोष्ट खोटी नाही. प्रेक्षकाला फसवण्यासाठी काही लपवलेलंही नाही, फक्त कॅमेरा कोणासोबत उभा आहे ते ठरवलेलं आहे. निवडलेला नायक, म्हणजे ते चमत्काराचं मूल, आपणच, ही ‘के’ची समजूत कोसळते, आणि खास नसूनही काय करायचं हे त्याला ठरवावं लागतं. इतक्या मोठ्या खर्चाच्या सिक्वेलमध्ये असं धाडस क्वचित दिसतं.

आणि रेचल, पहिल्या चित्रपटातली डेकार्डची प्रेयसी. रेप्लिकंट बनवणारा उद्योगपती वॉलेस डेकार्डसमोर तरुण रेचलची हुबेहूब प्रतिकृती उभी करतो. तिचा चेहरा संगणकावर घडवलेला, शरीर दुसऱ्या अभिनेत्रीचं. हे काम अव्वल आहे आणि या चित्रपटाला व्हिज्युअल इफेक्ट्सचंही ऑस्कर मिळालं. पण दृश्याचा रोख पाहा: डेकार्ड तिला नाकारतो आणि ती तिथेच मारली जाते. जुन्या आवडत्या चेहऱ्याची नक्कल विकून भागणार नाही, हे चित्रपटाने आपल्याच पडद्यावर बजावलं आहे.

उजेड वाचताना

रंगांचा कोश करू नका. ‘नारिंगी म्हणजे भूतकाळ’ अशी समीकरणं दोन दृश्यांतच मोडतात. त्याऐवजी उजेड स्थिर आहे की हलतो, हे लिहा. पोलीस ठाण्यात आणि प्रयोगशाळेत तो सपाट आणि थंड. वॉलेसच्या दालनांत तो सतत सरकतो: छताजवळ वर्तुळात लावलेले दिवे क्रमाने कमी-जास्त करून फिरत्या सूर्याचा आभास निर्माण केला आहे, आणि भिंतीवरच्या लाटा खऱ्या पाण्याच्या आहेत. ज्या जगात सूर्य दिसत नाही तिथे एका माणसाने तो विकत घेतला आहे. पिवळा रंग मात्र जपून वापरलेला आहे. वाळलेल्या झाडाखालचं छोटं फूल आधी शोधा आणि मग पिवळा पुन्हा कुठे येतो ते पाहा.

लास व्हेगसच्या धुळीसाठी २००९च्या सिडनीतल्या धुळीच्या वादळाचा संदर्भ घेतला होता. शहरांच्या काही दृश्यांसाठी वेटा वर्कशॉप या स्टुडिओने मोठमोठी मिनिएचर (इमारतींच्या प्रत्यक्ष बांधलेल्या लहान प्रतिकृती) बांधली. त्यामुळे इमारतींवर पडणाऱ्या उजेडाला वजन आहे, आणि डोळ्याला ते कारण माहीत नसतानाही जाणवतं.

‘के’च्या घरातली होलोग्राम सोबतीण जॉय हिची दृश्यं आवाज बंद करून एकदा पाहा. गच्चीवर पावसात ती ‘के’च्या जवळ येते आणि कामाचा निरोप येताच तिचं चित्र गोठतं. प्रेम, वस्तू, मालकी या सगळ्याची चर्चा तिथे एका थिजलेल्या प्रतिमेत झाली आहे.

जिथे चित्रपट कमी पडतो

तेही लिहा, नाहीतर ते रसग्रहण न राहता जाहिरात होते. वॉलेसची भाषणं लांबली आहेत. त्याच्या दालनातल्या उजेडाने जे सांगितलं तेच तो शब्दांत पुन्हा सांगतो. हा दोष पडताळायला सोपा आहे: त्याचं कोणतंही दृश्य आधी बिनआवाजी पाहा, मग डोळे मिटून नुसतं ऐका. कोणत्या वेळी कमी हरवलं ते लगेच कळतं. बंडखोर रेप्लिकंटांचा धागा तिसऱ्या भागासाठी राखून ठेवल्यासारखा येतो आणि तसाच सुटतो. बाईचं शरीर विक्रीला ठेवणाऱ्या जगावर चित्रपट टीका करतो, पण कॅमेरा काही ठिकाणी ग्राहकाच्याच जागी उभा राहतो. ही तक्रार दुसऱ्या रकान्याजवळ नोंदवा आणि कोणत्या शॉटमध्ये ते घडलं तेही लिहा, कारण शॉट न सांगता केलेल्या तक्रारीवर पुढे बोलता येत नाही.

डेकार्ड रेप्लिकंट आहे का, या वादात वही भरू नका. चित्रपट जाणूनबुजून उत्तर देत नाही. निम्म्याहून जास्त वेळ डेकार्ड पडद्यावर नसतोच, आणि तोपर्यंत कथा पूर्णपणे ‘के’ची झालेली असते.