महामार्गावर मालट्रक कोणत्या लेनमधून चालवावा

जालन्यातून सळई भरून निघालेला मालट्रक समृद्धी महामार्गावर चढला की चालकाने सर्वप्रथम डावी लेन धरावी. या रस्त्यावर प्रत्येक दिशेला तीन लेन असून अवजड वाहनांना ताशी 80, तर मोटारींना 120 किलोमीटरची वेगमर्यादा आहे. त्यामुळे उजव्या लेनमध्ये रेंगाळणारा ट्रक किती घातक ठरतो, हे वेगळे सांगायला नको.

पुढचा ट्रक ओलांडण्याआधी हिशेब करावा. तो 75 च्या वेगाने आणि आपण 80 ने जात असू, तर पुढेमागे अंतर राखून सुमारे 70 मीटरची आघाडी मिळवायला 50 सेकंद लागतात आणि तेवढ्यात एक किलोमीटरहून अधिक अंतर आपण शेजारची लेन अडवून चालतो. एवढ्याशा फरकासाठी ओलांडूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ओलांडणे भागच असेल, तर आरसे पाहून, इंडिकेटर देऊन मधल्या लेनमध्ये यावे आणि मागे टाकलेल्या ट्रकचे दोन्ही हेडलाइट डाव्या आरशात पूर्ण दिसू लागल्यावरच परत डावीकडे यावे, कारण केबिनला डावीकडून खेटून चाललेली लहान मोटार चालकाच्या नजरेला पडत नाही.

सोलापूर-धुळे महामार्गावर चौपदरी पट्ट्यात दिशेला दोनच लेन मिळतात, म्हणून तेथे उजवी लेन ओलांडण्यापुरतीच वापरावी. गाळपाच्या हंगामात बीड-धाराशिवकडे रात्री उसाच्या ट्रॉल्या डाव्या लेनमधूनच संथपणे चालतात. त्यांच्यामागे वेग आधीच उतरवावा. वाहन चालवण्याच्या विनियमांचा भंग केल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम 177अ नुसार 500 ते 1000 रुपये दंड होतो.