तलावाच्या तडकलेल्या पायऱ्या आणि प्लॅस्टिकचे भाग: दुरुस्तीपूर्वीची तयारी

फायबरग्लासचा, म्हणजे एफआरपीचा, तयार साचा जमिनीत बसवून केलेल्या पोहण्याच्या तलावाची पायरी तडकली, की पहिला विचार येतो तो कोणता गोंद आणावा याचा. माझ्या मते तो शेवटचा प्रश्न आहे. आधी दिवस ठरवावा. आमचे घर अलिबाग तालुक्यात आहे आणि तिथे पावसाळ्यात विहिरीचे पाणी काठाला वाकून तांब्याने घेता येते. अशा दिवसांत तलाव रिकामा केला, तर बाहेरचे भूजल मोकळ्या साच्याला खालून होडीसारखे उचलते, आणि एका पायरीच्या भेगेपायी अख्खा तलाव जागचा हलण्याची वेळ येते. म्हणून हे काम फेब्रुवारी ते मे या काळातच धरावे, त्याआधी विहिरीत डोकावून पाण्याची पातळी पाहावी, आणि तरीही तलाव पूर्ण न उपसता दुखावलेल्या पायरीच्या वीतभर खालपर्यंतच पाणी उतरवावे.

पाणी उतरवण्यापूर्वी मात्र एक तपासणी उरकून घ्यावी, कारण ती भरल्या तलावातच होते. पंप बंद करून पाणी पूर्ण स्थिर होऊ द्यावे, सुई काढलेल्या सिरिंजमध्ये खाण्याचा लाल रंग भरावा आणि भेगेच्या तोंडाशी थेंबभर सोडावा. रंग जागच्या जागी तरंगत राहिला तर भेग बहुधा वरवरची आहे. दोऱ्यासारखा आत ओढला गेला तर पाणी आरपार जात आहे. एकूण गळती आहे की नुसते बाष्पीभवन, हे कळण्यासाठी बादलीत पाणी भरून ती वरच्या पायरीवर, तलावातल्या पाण्याला टेकेल अशी ठेवावी, आत आणि बाहेर दोन्हीकडे पेन्सिलीने पातळीची खूण करावी आणि २४ तासांनी दोन्ही खुणा ताडून पाहाव्यात. तलावातले पाणी बादलीतल्यापेक्षा स्पष्टपणे जास्त उतरले असेल, तर गळती आहे असे समजावे.

पायरी कोरडी झाल्यावर तिच्यावर रुपयाच्या नाण्याने इंचाइंचाने टकटक करावी आणि जिथे आवाज बद्द, म्हणजे पोकळ, येईल तिथे पेन्सिलीने कडे करावे. ही तपासणी कंटाळवाणी वाटते, पण सगळ्या तयारीत हिचेच मोल सर्वांत अधिक आहे, हे मी चूक करून शिकलो. पहिल्या वर्षी मी भेग वरून घासली, एपॉक्सी पुट्टी भरली, रंगही बेमालूम जुळवला आणि दोन महिन्यांत तीच भेग त्याच रेषेवर पुन्हा उघडली. पायरीखालची भर खचलेली होती. पाय पडला की पायरी कागदी पुठ्ठ्यासारखी लवत होती, आणि लवणाऱ्या जागी कोणतीही पुट्टी टिकत नाही. त्यामुळे पोकळ आवाज आला, तर आतली पोकळी भरण्याचे सामान आणि ते काम जाणणारा माणूस आधी ठरवावा, भेगेचे काम त्यानंतर. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा असतील आणि पाय दाबूनही त्या उघडत नसतील, तर त्या जेलकोटपुरत्या, म्हणजे सर्वांत वरच्या गुळगुळीत थरापुरत्या, आहेत. तिथे मॅट, म्हणजे रेझिनमध्ये भिजवून लावायची काचतंतूंची चादर, लावण्याची गरज पडत नाही.

आता प्लॅस्टिकच्या भागांकडे वळू. स्किमरचे (पाण्यावरचा कचरा ओढून घेणाऱ्या खोक्याचे) झाकण, रिटर्नचे (गाळलेले पाणी परत तलावात सोडणाऱ्या नळीचे) तोंड, शिडीच्या पायठाण्या, काठावरच्या पन्हळीची जाळी हे सगळे पांढरे दिसते म्हणून एकाच जातीचे नसते, आणि चुकीच्या जातीला चुकीचे सोल्युशन लावले तर ते नुसते सुकून पापुद्र्यासारखे निघते. फुटलेल्या भागाचा नखाएवढा तुकडा पाण्याच्या ग्लासात दाबून सोडावा. तो तरंगला तर पॉलिप्रॉपिलिन किंवा पॉलिथिन समजावे. त्याला घरगुती गोंद धरत नाही, म्हणून तो भाग बदलावा. तो बुडाला तर मागच्या, न दिसणाऱ्या बाजूस ॲसिटोनचा एक थेंब टाकावा: एबीएस जातीचे कडक प्लॅस्टिक काही क्षणांत मऊ होऊन बोटाला चिकटते, तर पीव्हीसीवर, म्हणजे नळाच्या पाइपच्या प्लॅस्टिकवर, परिणाम बराच मंद दिसतो. एबीएससाठी एबीएसचेच आणि पीव्हीसीसाठी पीव्हीसीचेच सोल्युशन आणावे.

तळाच्या निचऱ्याची जाळी मात्र या चाचण्यांतून वगळावी. ती तडकलेली दिसली, तर ती चिकटवू नये, तारेने बांधू नये. नवी जाळी योग्य स्क्रूंसह बसेपर्यंत पंप बंद आणि तलाव बंद ठेवावा. त्या तोंडाची ओढ माणसाला पाण्याखाली धरून ठेवण्याइतकी जबर असते. अमेरिकेत २००२ साली सात वर्षांची एक मुलगी अशाच ओढीत अडकून दगावली आणि २००७ साली तिच्या नावाने निचऱ्याच्या सुरक्षित जाळ्यांचा कायदा झाला.

बदलायच्या भागांची मापे दुकानात जाण्यापूर्वी व्हर्नियरने घ्यावीत. दुकानदार ज्याला ‘दोन इंची’ म्हणतो तो पाइप बाहेरून ६०.३ मिलिमीटरचाही असतो आणि ६३ मिलिमीटरचाही. एकाचा सॉकेट दुसऱ्याला बसत नाही, आणि सोल्युशन जास्त लावून तो बसवण्याचा मोह पुढे महागात पडतो. जुना तुकडा पिशवीत घालून सोबत न्यावा, हे उत्तम. आट्यांसाठी टेफ्लॉन टेप आणि ओ-रिंगसाठी, म्हणजे सांध्यातल्या रबरी कड्यासाठी, सिलिकॉन ग्रीस घ्यावे. व्हॅसलीन वापरू नये, कारण पेट्रोलियममुळे रबराच्या अनेक जाती फुगतात. पान्याने आवळतानाच निम्म्या फिटिंग तडकतात, असा माझा अनुभव आहे. हाताने घट्ट करून वर पाव फेरा पुरतो.

पायरीसाठी पॉलिएस्टर रेझिन, हार्डनर, चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाची चॉप्ड मॅट आणि मेणयुक्त जेलकोट लागतो. मेण नसलेल्या जेलकोटचा हवेकडचा पृष्ठभाग चिकट राहतो आणि त्यावर पॉलिश पेपर चालत नाही, म्हणून घेताना विचारून घ्यावे. हिशोब कागदावर करावा: ४० गुणिले २० सेंटिमीटरच्या ठिगळाला दोन थर लावायचे तर ०.०८ चौरस मीटरला ७२ ग्रॅम मॅट आणि तिच्या अडीच पट, म्हणजे १८० ग्रॅम रेझिन लागते; २०० ग्रॅम कालवावे. हार्डनर साधारण एक ते दोन टक्के असते, म्हणजे इथे २ ते ४ ग्रॅम. अचूक प्रमाण डब्यावरचे धरावे आणि त्यासाठी ग्रॅम दाखवणारा लहान डिजिटल काटा हाताशी असावा, अंदाजे थेंब मोजू नयेत. काही दुकानांत रेझिन, कोबाल्ट (रेझिन लवकर आळवणारे द्रावण) आणि हार्डनर वेगवेगळे देतात. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही ओतू नयेत, त्याचा भडका उडू शकतो. शक्य तर कोबाल्ट आधीच मिसळलेले रेझिन मागावे. हार्डनर डोळ्यांना फार घातक असल्यामुळे चश्मा लावूनच काम करावे आणि स्वच्छ पाण्याची बादली शेजारी ठेवावी. घासताना उडणाऱ्या धुळीसाठी एन-९५ मास्क चालतो, पण रेझिनच्या वाफेसाठी कार्बनच्या डब्यांचा मास्कच लागतो. ॲसिटोनची बाटली बंद करून सावलीत ठेवावी, आणि त्या दिवशी तिथे कुणी विडी-सिगारेट ओढणार नाही हे कामकऱ्यांना आधीच सांगावे.

बाकीचे सामान किरकोळ आहे: भेगेच्या दोन्ही टोकांना छिद्र पाडण्यासाठी ३ मिलिमीटरचे ड्रिल, भेग इंग्रजी व्ही अक्षरासारखी उघडण्यासाठी लहान ग्राइंडर, ४० आणि ८० नंबरचे पॉलिश पेपर, शेवटी फिनिशिंगसाठी ४००, ८०० आणि १२०० नंबरचे वॉटर पेपर, हवेचे बुडबुडे काढणारा खाचांचा रोलर, मास्किंग टेप, नायट्राइलचे हातमोजे, फेकून देता येतील असे ब्रश आणि सुती चिंध्या. जुना टी-शर्ट चिंधी म्हणून चालतो, साबण किंवा कम्फर्टचा वास येणारा चालत नाही.

आदल्या रात्री घासलेल्या जागेवर प्लॅस्टिकचा पारदर्शक तुकडा चारही कडांनी टेप लावून ठेवावा. सकाळी आत दमट थेंब दिसले, तर काम एक दिवस पुढे ढकलावे. मॅट ओल्या फायबरवर धरत नाही. समुद्राकाठी पहाटे दहिवर पडते, त्यामुळे नऊच्या आधी सुरुवात करू नये, आणि उन्हाळ्यात अकरानंतर रेझिन डब्यातच गोठू लागते. म्हणजे कामाचे खरे तास दोनच. तेवढ्यात कालवायचे किती, कोण रोलर फिरवणार, पाहुण्यांच्या मुलांना कोण लांब ठेवणार, हे आदल्या दिवशी ठरलेले असावे. जेलकोट लागल्यावर आठवडाभर पाणी चढवायचे नाही, म्हणून त्या शनिवार-रविवारी कुणाला पोहायला बोलावू नये.

पाणी भरण्याच्या दिवसासाठी पेन्सिल, बादली आणि क्लोरीन-पीएच तपासायचा संच बाजूला काढून ठेवावा. पीएच ७.२ ते ७.६ च्या दरम्यान आल्यावरच क्लोरीन घालावे, आणि क्लोरीनच्या गोळ्या पायरीवर ठेवण्याची सवय असेल तर ती बंद करावी. आमच्या दुसऱ्या पायरीवरचा पांढरा, खडबडीत गोल डाग तिथूनच आला.